पिल्लू जेवत नाही म्हणून

माझा नवरा शेंद्र्याला एका कारखान्यात आहे. त्या कारखान्याच्या मागच्या फाटकाशी एक कुत्री ट्रकखाली आली. तिची तीन पिल्लं गेटवरच्या लोकांनी वाटून घेतली. चौथं कोणाला नको होतं, ते नवरा खोक्यात घालून आमच्या उस्मानपुऱ्यातल्या फ्लॅटवर घेऊन आला. आई जाऊन तेव्हा चार महिने झाले होते, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, सिल्लोडकडचं घर बंद करून आमच्याकडे राहायला आले होते.

"त्यांना तेवढीच सोबत," नवरा म्हणाला.

तोवर अण्णांच्या दुःखावर बरेच उपाय सुचवून झाले होते. एकाने चारधाम सुचवलं, दुसऱ्याने बागेतला हास्यक्लब. त्या मानाने पिल्लू परवडलं. ते निदान प्रवचन देत नव्हतं.

अण्णांनी खोक्यात डोकावून पाहिलं. "कान बघ कसं हायेत. मेंढरांमागं चाललं असतं हे." त्यांचं लहानपण मेंढरांमागेच गेलं होतं. पुढे ते शिकले आणि निवृत्त होईपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवत राहिले. निरोपाच्या समारंभात तीन वक्त्यांनी त्यांना ज्ञानमहर्षी म्हटलं आणि चौथ्याने त्यांचं आडनाव चुकवलं. मुलांच्या लक्षात ते राहिले वेगळ्याच कारणाने. दुपारच्या खिचडीच्या वेळी ते पंगतीतून फिरत आणि कोणाच्या ताटात शीत राहू देत नसत. घरीही तोच नियम, आणि आधी स्वतःला. त्यांचं ताट इतकं स्वच्छ असे की आई विचारायची, "घासू का तसंच मांडून ठिवू?"

पहिले पंधरा दिवस पिल्लू आधाशासारखं खायचं. दूधभात, कुस्करलेली पोळी, उकडलेलं अंडं, काहीही. मग एकाएकी त्याचं खाणं कमी झालं. वाटीत तोंड घालायचं, दोन घास खायचं आणि गॅलरीत निघून जायचं. गॅलरीत अण्णांची खुर्ची होती. ते हल्ली तिथेच जेवत. आत पंख्याखाली भाकरी वाळते, असं त्यांचं म्हणणं.

मी कॉलेजच्या ग्रंथालयात काम करते. कशाचीही काळजी वाटली की त्यावर वाचायचं, ही आमच्या धंद्यातली खोड. मी पिल्लांच्या आहारावर वाचलं. एक लेखक म्हणत होता दूध अजिबात नको, दुसरा म्हणत होता दुधावरच ठेवा. मी दोघांचंही ऐकून पाहिलं. दही झालं, चिकनचं पाणी झालं, पाकिटातले महागडे दाणे कोमट पाण्यात भिजवून झाले. रोज संध्याकाळी ती वाटी धुताना मला रडू यायचं. आईच्या शेवटच्या दिवसांतही मी अशाच भरलेल्या वाट्या धुतल्या होत्या.

"कुत्रं हाय ते," अण्णा म्हणायचे. "भूक लागली की खातंय. तू लई जीव काढू नको, माय."

शेवटी मी त्याला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. दवाखाना नवा होता. दारावर उद्घाटनाचा फ्लेक्स अजून होता. त्यावर एकोणीस पुढाऱ्यांचे फोटो होते आणि खाली कोपऱ्यात एक कुत्रा. नम्रता फक्त त्याच्या चेहऱ्यावर होती. डॉक्टरीणबाई मात्र साध्या होत्या. त्यांनी वजन केलं.

"वजन चांगलं आहे, मॅडम. याला खायला कोण घालतं?"

"मीच."

"आणखी कोणी?"

"कोणी नाही."

पिल्लाला धरून उभे असलेले त्यांचे म्हातारे मदतनीस हसले. "बाजी, ये भूका नहीं है. पेट तो देखो इसका, मटका है मटका."

मला राग आला. मी काळजीने आले होते आणि हे गृहस्थ मला बाजी, म्हणजे ताई, म्हणून पिल्लाला मटका म्हणत होते. डॉक्टरीणबाईंनी एक वही करायला सांगितली. काय दिलं, किती खाल्लं, सगळं रोज लिहायचं. खाणं कमी झालं त्या दिवसापासूनचंही आठवून लिहायचं. मी वही केली, वर 'पिल्लू' असं लिहिलं आणि आखून तक्ता काढला.

त्याच काळात अण्णा वाळत होते. आम्हाला ते दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, आणि प्रत्येकाकडे त्याचं स्पष्टीकरण तयार होतं. मावशी फोनवर म्हणाली, जोडीदार गेल्यावर माणूस खंगतंच. नवरा म्हणाला, हवापालट. सदरा खांद्यावरून उतरतो म्हणून मी शिंप्याला दोष दिला. अण्णा भाकरी वरणात कुस्करून मागू लागले तेव्हा मी म्हटलं, दात. दातांच्या डॉक्टरची वेळ घेतली आणि ती दोनदा पुढे ढकलली. काळजी करायची तर जेवण तपासावं, आणि त्यांचं ताट तर रोज लख्ख.

"पुरलं का, अण्णा?"

"लई झालं."

पंधरा दिवसांनी मी वही आणि पिल्लू घेऊन पुन्हा दवाखान्यात गेले. सकाळची वेळ होती, अण्णांचं जेवण झाल्याबरोबर मी निघाले होते. पिल्लाला टेबलावर ठेवलं आणि ते ओकलं. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, अख्खे शेंगदाणे.

"लो," मदतनीस म्हणाले. "ये तो आपसे अच्छा नाश्ता करके आया, बाजी."

डॉक्टरीणबाई वही बघत होत्या. "यात तर भात-अंडं लिहिलंय."

भात-अंडं घरी वाटीत तसंच पडलेलं होतं. नवरा पहिल्या पाळीला डबा न नेता गेला होता, मी पोहे खाल्ले होते. मेथीची भाजी त्या सकाळी एकाच माणसाच्या ताटात होती.

रिक्षातून घरी येताना मी स्वतःची समजूत घालत होते की म्हातारा माणूस कुत्र्याला चार घास देतो, त्यात काय. घरी कोणाला काही बोलले नाही. ग्रंथालयात फोन करून रजा टाकली. दुपारी अण्णांना भाकरी, वरण आणि मेथी वाढली आणि स्वयंपाकघराच्या खिडकीत उभी राहिले. तिथून गॅलरी दिसते.

पहिला घास त्यांनी तोंडात घातला. बराच वेळ चावला. पाण्याचा घोट घेतला, मान ताणली, डोळे मिटले. मग वाकून तो घास हातावर काढला आणि पिल्लापुढे धरला. त्यानंतर त्यांनी तोंडाशी काही नेलंच नाही. भाकरीचा तुकडा मोडायचे, भाजीला लावायचे आणि खाली द्यायचे. पिल्लू पायाशी नीट बसून एकेक घेत होतं. भाकरी संपली तशी त्यांनी ताट बोटाने निपटलं, वरण लागलेलं बोट तेवढं चोखलं आणि ताट उचलून मोरीकडे निघाले. मी वाटेत उभी होते.

"अण्णा, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी ताटाकडे बोट दाखवलं.

"झाले असतील दोनेक महिने," ते म्हणाले. "आधी भाकर अडकायची. आता भात बी अडकतोय."

"सांगितलं का नाही?"

"तू त्या पिल्लाच्या वाटीपायी रडती रोज. म्हनलं, त्यात आपलं कशाला."

"मग ताटात ठेवायचं ना, अण्णा! मला कळलं असतं."

मी चोरी करायला सांगितल्यासारखे ते माझ्याकडे बघायला लागले. "ताटात? ठिवायचं?"

अण्णांना मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथे डॉक्टरांनी विचारलं, गिळायला त्रास कधीपासून. "झाले की आठेक दिवस," अण्णा म्हणाले. मी पर्समधून वही काढून पुढे केली. पिल्लाने वाटी टाकायला सुरुवात केली ती तारीख पहिल्या पानावर होती. डॉक्टरांनी वरचं 'पिल्लू' वाचलं आणि मान वर केली. मी सांगितलं. तारीख त्यांनी केसपेपरवर उतरवून घेतली.

अन्ननलिकेत गाठ होती. शस्त्रक्रियेची वेळ गेली होती. दोन महिने आधी आणलं असतं तर, असं मी एकदाच विचारलं. "तसं सांगता येत नाही," डॉक्टर म्हणाले, आणि इतक्या मऊ आवाजात म्हणाले की मी पुन्हा विचारलं नाही. पोटात नळी बसवून त्यांना घरी सोडलं. आम्ही दवाखान्यात होतो त्या दिवसांत पिल्लू आपली वाटी रोज संपवत होतं, असं नवऱ्याने सांगितलं. मी ते कुठे लिहिलं नाही.

अण्णा पुढे अडीच महिने होते.

घरी आल्यावर पहिल्यांदा नळीतून भरवायचं होतं. सिस्टरने शिकवलं होतं तसं मी उशा लावून त्यांना टेकून बसवलं. वरण पातळ केलं, गाळलं, कोमट केलं. मोठी सिरिंज नळीला लावली आणि वरण त्यात हळूहळू सोडू लागले. अण्णा भिंतीकडे बघत होते. सिरिंज अर्धी झाल्यावर त्यांनी विचारलं,

"काय हाय?"

"वरण."

"हिंग घातला का?"

"घातला."

"मग बरं हाय."

हिंग मी घातला नव्हता. चव जिभेवर लागणारच नाही त्या वरणात कशाला, असं वाटलं होतं. दुसऱ्या दिवशी घातला. त्यांनी विचारलं नाही.