उजव्या बाजूच्या काड्या

वहिनीनं एकोणीस वर्षं फायबरच्या पाण्याच्या टाक्या बनवल्या, आणि या एकोणीस वर्षांत "वा, काय टाकी झालीय!" असं तिला एकाही माणसानं म्हटलं नाही. टाकीचं नशीबच तसं. एकदा छपरावर चढवली की तिच्याकडे बघतंय कोण? गळायला लागली तरच माणूस मान वर करतो. वहिनीच्या टाक्या गळत नसत, त्यामुळे वहिनीची आठवण कोणाला येत नसे. कारखाना बंद झाला, वहिनी घरी बसली, विषय संपला.

तिच्या धाकट्या दिराला विचारलं असतंत तर त्यानंही हेच सांगितलं असतं. म्हणजे आधी. आता विचारून बघा, तासभर सोडणार नाही तुम्हाला.

हा दीर नदीवर फेरीची बोट चालवायचा. या काठावरून त्या काठावर, दिवसाला चौदा खेपा, बावीस माणसं आणि त्यांच्या सायकली. नऊ वर्षांपूर्वी त्यानं ती फायबरची बोट जुनीच घेतली होती. माणूस मनाचा चांगला, पण उतावळा असा की चहाला उकळी फुटायच्या आत कप पुढे धरायचा. बायको म्हणायची, "यांना घड्याळ दिलं तर हे काटेच ढकलतील."

नवव्या वर्षी बोटीची जमीन पायाखाली दबायला लागली. त्यानं बोटींच्या यार्डातल्या मिस्त्रीला बोलावलं. अशा बोटीच्या तळाशी, पुढून मागेपर्यंत, दोन जाड लाकडी वासे असतात आणि त्यांच्यावर फायबरची खोळ चढवलेली असते. बोटीचा सगळा ताठपणा त्या वाशांत, इंजिनही त्यांच्यावरच बसतं. फायबर कुजत नाही, पण खोळीला कुठे बारीक भेग गेली की आतलं लाकूड गुपचूप पाणी पीत राहतं. मिस्त्रीनं डाव्या वाशाला ड्रिलनं भोक पाडलं तर चहासारखं तपकिरी पाणी धार लावून बाहेर आलं.

"घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात," मिस्त्री हात पुसत म्हणाला. "तुमचे तर वासेच आधी फिरलेत. आता हिच्यात माती भरा आणि फुलझाडं लावा."

हसायला काय जातंय! पण चाळीस दिवसांवर तपासणी होती. तपासणीत नापास म्हणजे परवाना गेला, परवाना गेला म्हणजे फेरी गेली, आणि फेरी चालवण्यापलीकडे दिराला जगात दुसरं काही येत नव्हतं. त्या संध्याकाळी तो ताटावर नुसता बसून राहिला.

वाढता वाढता वहिनी म्हणाली, "मी करू का?"

दीर इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "वहिनी, बोट आहे ती. टाकी नव्हे."

"तेच तर म्हणते. टाकीत पाणी आत ठेवायचं, बोटीत बाहेर. फायबरला काय कळतंय?"

"करू द्या की त्यांना," दिराची बायको म्हणाली. "फुलझाडं लावण्यापेक्षा बरं."

बोट शेडमध्ये चार लाकडी घोड्यांवर चढवली, इंजिन उतरवलं, वरची जमीन कापून काढली. आता वहिनी घाव घालणार म्हणून दीर बाह्या सरसावून उभा, आणि वहिनी काय करते? काड्या कापत बसली! बोटीच्या दोन्ही काठांवर आडवी सरळ पट्टी ठेवायची, तिच्यापासून तळापर्यंत बांबूची काडी उभी करायची आणि बरोब्बर तेवढीच कापायची. उजवीकडे सहा जागी सहा, डावीकडे सहा. उजव्या काड्यांना चाकूची एक खूण, डाव्यांना दोन, आणि सगळ्या एका बादलीत. दोन दिवस हेच.

"अहो, कागदावर लिहून ठेवा ना मापं," दीर वैतागला.

"कारखान्यात हातमोजे रेझीननं चिकट झालेले असायचे. पेन धरलं तर हाताला चिकटायचं, कागद धरला तर कागद. म्हणून आम्ही मापं लिहायचो नाही, कापायचो." मग तिनं उजवीकडची एक काडी डावीकडे उभी करून दाखवली. काडीच्या वर अर्ध्या इंचाहून जास्त फट राहिली. "बघा भाऊजी. तुमच्या बोटीची डावी बाजू कधीचीच खाली बसलीय. वासा पाणी पिऊन जड झालाय. डावीकडे ओढत नाही का ती?"

"ती नाही ओढत. प्रवाह ओढतो."

"जाताना डावीकडे?"

"हो."

"आणि येताना?"

"डावीकडेच," दीर म्हणाला, आणि आपण काय बोललो ते कळून वर म्हणाला, "नदी आहे ती! तिची मर्जी."

वहिनीनं वाद घातला नाही. एवढंच बजावलं की एका वेळी एकच वासा काढायचा. नवा बसला, वाळला, की मग दुसऱ्याला हात लावायचा. दोन्ही एकदम काढले तर तळाला धरणारं काही उरणार नाही. दिरानं ते ऐकलं आणि दुसऱ्या कानानं सोडून दिलं.

पाचव्या दिवशी वहिनीची दाढ ठणकायला लागली. नवऱ्यानं तिला दाताच्या डॉक्टरकडे नेलं. शेडमध्ये दीर एकटा, हातात ग्राइंडर, समोर कुजके वासे, आणि दिवस भराभर चाललेले. त्याला वाटलं, वहिनी यायच्या आत काम उरकून ठेवू, खूश होईल. संध्याकाळपर्यंत त्यानं दोन्ही वासे उपटून काढले. ओल्या भुशासारखं लाकूड फावड्यानं भरून मागच्या ढिगावर नेऊन टाकलं, शेड झाडून लख्ख केली.

वहिनी आली ती सुजलेल्या गालानं, दाताखाली कापसाचा बोळा धरून. डॉक्टरनं तोंड उघडायचं नाही म्हणून सांगितलं होतं.

"बघा वहिनी! दहा दिवसांचं काम एका दिवसात!"

वहिनी बोटीत उतरली. गुडघ्यावर बसून तिनं तळावर हात दाबला. तळ हातासरशी खाली गेला. घोड्यांच्या वर तो फुगला होता, मधल्या जागी लोंबत होता. सबंध बोटीचा आकार पार बिघडला होता. ती अशीच ठेवली असती तर नवे वासे वाकड्यावर वाकडे बसले असते आणि बोट जन्मात पुन्हा सरळ झाली नसती. वहिनीनं वर बघितलं. ती बोलली असती, चार शिव्या दिल्या असत्या तर फार बरं झालं असतं, असं दीर आजही सांगतो.

तिनं फक्त हातानं काडीएवढं अंतर दाखवलं आणि भुवया उंचावल्या.

"काड्या? त्या... त्या बादलीतल्या?" "त्या मी ढिगावर टाकल्या. सकाळी जाळायचा होता ढीग."

गालावर हात धरून वहिनी त्या घाणेरड्या ढिगात घुसली. दीरही मागोमाग घुसला. दोघं कोपरापर्यंत बरबटले. दोन खुणांच्या काड्या सापडल्या तशा वहिनीनं पुन्हा भिरकावून दिल्या. तिला हव्या होत्या एका खुणेच्या, उजव्या बाजूच्या. पाच मिळाल्या. सहावी काही मिळेना. दिरानं सगळा ढीग तीनदा उपसला आणि शेवटी तिथेच मटकन बसला. "मीच मातीत घातलं सगळं, वहिनी," म्हणाला आणि लहान पोरासारखा रडायला लागला.

तेवढ्यात त्याची बायको दारात येऊन उभी राहिली. तिच्या हातात काडी.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा! स्वयंपाकघराची खिडकी मिटते म्हणून परवा तुम्हीच नव्हती का ही अडकवली?"

वहिनीला हसू आलं, आणि हसल्यामुळे दाढ अशी दुखली की डोळ्यांत पाणी उभं राहिलं.

पुढचे तीन दिवस त्या बाईनं जे केलं ते यार्डातले मिस्त्री गुपचूप येऊन बघून गेले. तळाखाली वाळूची पोती लावली. जिथे लोंबलं होतं तिथे जॅक. जॅकला पाव फेरा द्यायचा, काडी उभी करून बघायची. पुन्हा पाव फेरा, पुन्हा काडी. उजवीकडे उजव्या काड्या, डावीकडेही त्याच उजव्या काड्या. दिराचं काम एकच, जॅकचा दांडा धरून बसायचं आणि वहिनीनं हात वर केल्याशिवाय हलवायचा नाही. आयुष्यात इतका शांत तो कधी बसला नव्हता. तिसऱ्या दिवशी बाराही जागी काडी पट्टीखाली अलगद सरकली, ना फट, ना दाब.

मग वासे. कोरडं खणखणीत लाकूड आणलं, त्याला पातळ रेझीन पाजलं, रेझीनच्याच घट्ट लगद्यात बसवलं. वासा आणि तळ जिथे मिळतात त्या कोपऱ्यात गोलाई हवी, नाहीतर फायबरची मॅट तिथे नीट बसत नाही. ती गोलाई वहिनीनं डावानं दिली, तोही जावेचा आमटीचा डाव, विचारल्याशिवाय उचललेला. मॅटचे थर चढवले, पहिला अरुंद, पुढचा त्याहून रुंद, आणि रोलर फिरवून हवेचा एकेक बुडबुडा बाहेर काढला. रेझीन घट्ट करणारा हार्डनर किती घालायचा ते ती मगाला मनगट लावून ठरवायची. ऊन चढलं की दोन थेंब कमी. दिरानं एकदा घाईनं चार थेंब जास्त घातले तर मगातल्या मगात रेझीनचा दगड झाला आणि धूर निघाला. वहिनी म्हणाली, "हे बघा भाऊजी, मगात तुम्हीच उतरलात. घाई झाली की धूर."

तपासणीच्या आदल्या दिवशी बोट वरची जमीन बसवून, इंजिन चढवून, रंगवून तयार होती. वहिनीनं दिराला बाजूला घेतलं. "साहेबानं विचारलं तर यार्डातल्या मिस्त्रीचं नाव सांगा. टाकीवाल्या बाईनं केलं म्हणालात तर तो बोट पाण्यातसुद्धा सोडू देणार नाही."

दिराला ते पटलं. नुसतं पटलं नाही, सुटल्यासारखंही वाटलं. खरं ते सांगायला हवं.

साहेब वाळकुडा, न हसणारा माणूस होता. त्यानं जमिनीतली झाकणं उचलून लहानशा हातोडीनं वासे या टोकापासून त्या टोकापर्यंत ठोकले. टण, टण, टण. एकही आवाज बसका नाही. मग म्हणाला, "चला, पाण्यात बघू." वजन हवं म्हणून वहिनी आणि जाऊ दोघीही बाकावर बसल्या.

नदीच्या मध्यावर बोट उजवीकडे वळायला लागली. दिरानं चाक सावरलं, तरी उजवीकडेच. परवाना, फेरी, सगळं डोळ्यांपुढे बुडताना दिसलं, आणि तो साहेबादेखत ओरडला, "वहिनी, काय करून ठेवलंत हे! बोट उजवीकडे ओढतेय!"

साहेबाचं पेन थांबलं.

"भाऊजी, चाक सोडा," वहिनी म्हणाली.

"सोडू? भर नदीत?"

"सोडा म्हणते ना."

त्यानं सोडलं. बोट एकदा हलली, सावरली आणि समोरच्या काठावरच्या पांढऱ्या खांबाकडे तोंड करून सरळ निघाली. चाकावर कोणाचाही हात नाही आणि बोट आपली रेघ सोडत नाही. नऊ वर्षं दीर चाक थोडं उजवीकडे दाबून धरत आला होता. बोट सरळ झाली होती, हात तसाच दाबत होता.

"नाचता येईना आणि अंगण वाकडं," जाऊ पुटपुटली.

साहेबानं विचारलं, "हे काम कोणी केलं?"

मिस्त्रीचं नाव दिराच्या जिभेवर तयार होतं. त्यानं आपल्या हातांकडे बघितलं. "माझ्या वहिनीनं," तो म्हणाला. "टाक्या बनवायची ती. मी मध्येच दोन्ही वासे उपटून बोटीची वाट लावली होती, तीही तिनंच निस्तरली. आत्ता तिच्यावर उगाच ओरडलो, तेही लिहा. नापास करायचं तर करा, पण नाव तिचंच लिहा."

जाऊनं डोळेच मिटले. साहेब वहिनीकडे वळला. "दोन्ही बाजू जुळवल्या कशा?"

वहिनीनं पिशवीतून सहा काड्या काढून त्याच्या हातात दिल्या. त्यानं बोट काठाला लावायला सांगितली, पट्टी मागितली, जमिनीतली झाकणं पुन्हा उचलली आणि एक काडी आधी उजवीकडे, मग डावीकडे उभी केली. दुसरी केली. सहाही केल्या. मग त्यानं कागदावर सही ठोकली.

तेव्हापासून दिराला एक खोड लागलीय. सकाळच्या पहिल्या खेपेला, नदीच्या मध्यावर, तो दोन्ही हात वर करतो. माणसं किंचाळतात, सायकली धरतात. बोट पांढऱ्या खांबाकडे सरळ जात राहते, आणि तो सांगतो, "वहिनीनं बनवलीय."

एकदा खुद्द वहिनीच बोटीत होती, मागच्या बाकावर, मांडीवर पिशवी घेऊन. शेजारच्या अनोळखी म्हाताऱ्यानं बोटीच्या काठावर थाप मारली आणि मोठ्यानं म्हणाला, "वा! काय बोट झालीय!"

वहिनीनं तोंड फिरवलं आणि पाण्याकडे बघत बसली. दाताखाली कापूस असल्यासारखी, काठ येईपर्यंत एक शब्द बोलली नाही.