मंडळाची मूर्ती कुणी पळवली?

मी जन्माची संशयी. त्यात शिकवायला मिळालं काय, तर ग्रीक इतिहास! जगज्जेता राजा तरणाताठा गेला, धड वारस नेमला नाही आणि सरदारांनी राज्याचे लचके तोडले. एकाने तर राजाचं शवच वाटेत गाठून इजिप्तला पळवलं, कारण राजाला जो पुरेल त्याचा हक्क मोठा. राजाच्या विधवेला आणि पोराला शेवटी मारूनच टाकलं. इथे अमेरिकेत, स्टेट कॉलेज गावातल्या वर्गात हे सांगताना मला आमचं गणपती मंडळ दिसायचं.

मंडळ म्हणजे काका. प्रसादापासून आरतीच्या सुरापर्यंत सगळं त्यांच्या मुठीत. इथे विसर्जन बादलीत; नंतर तीच पितळेची मूर्ती पुसून, खोक्यात घालून काकांच्या बेसमेंटमध्ये वर्षभर. त्या एप्रिलमध्ये काका झोपेतच गेले. आपल्यामागे कोण बघेल, हे त्यांनी कधी सांगितलं नव्हतं.

तेराव्यालाच मला वास आला. पुण्याचे प्रोफेसर बेसमेंटच्या जिन्याशी उगाच घुटमळत होते. नागपूरच्या मावशी काकूंचा हात सोडेनात. ढोलवाली ग्रॅड स्टुडंट पोरं तर न सांगता भांडी घासत होती! एरवी स्वतःचा कप न विसळणारी ही पोरं! कुठेतरी पाणी मुरत होतं.

जुलैत मंडळाच्या समया ठेवायला बेसमेंटमध्ये उतरले, तर मूर्तीचं खोकं गायब. काकूंना विचारावं, तर दुःखातल्या बाईला हे कसं विचारायचं? आणि त्यांनीच कुणाला गुपचूप दिली असेल तर?

मी मावशींना फोन केला. "प्रोफेसरांनी उचलली वाटतं."

"अगं बाई! मला वाटलंच होतं. त्या माणसाची नजरच तशी आहे."

प्रोफेसरांना पोरांचा संशय, पोरांना मावशींचा. आठवड्याभरात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप फुटला, एकाचे तीन झाले आणि एडिसनच्या भारतीय दुकानांतून तीन नव्या मूर्ती आल्या. काकूंना बोलावणं? "त्यांच्याकडे यंदा सण नाही ना," सगळे म्हणाले. खरं म्हणजे प्रत्येकाला खात्री होती, की काकू दुसऱ्या पार्टीत आहेत.

चतुर्थीला मी तिन्हीकडे आरतीला जाऊन डोळे फाडून बघितलं. जुनी मूर्ती कुठेच नाही. मग सरळ काकूंचं घर गाठलं. गॅरेजचं दार सताड उघडं, काका या दिवशी ठेवायचे तसं. आत हॉलमध्ये चौरंगावर आमची मूर्ती, घासून लखलखीत केलेली. शेजारी परातीत दूर्वा, झाकून ठेवलेले मोदक.

"काकू, ही इथे कशी?"

"जूनमध्येच वर आणवली, शेजारच्याला सांगून. माझे गुडघे धरतात गं, मला बेसमेंटचा जिना झेपत नाही. म्हटलं, तुम्ही न्यायला याल तेव्हा तुमची धावपळ नको."

"पण तुमच्याकडे यंदा..."

"माझ्या घरी नाहीच. मी पूजेला हात लावणार नाही. पण हा काय माझा आहे? हा मंडळाचा. ह्याला कसलं आलंय सुतक?"

काकूंनी खिडकीचा पडदा सारून रस्त्याकडे पाहिलं.

"सकाळपासून दार उघडं ठेवलंय. गाडी घेऊन कोण येतंय गं यंदा?"