सासूबाईंची पांढरी शेवंती

परवा दादरच्या फुलबाजारात शेवंतीचा तो कडवट वास आला आणि मला लग्नानंतरची पहिली थंडी आठवली. डिलाईल रोडच्या चाळीत, आमच्या खोलीपुढच्या गॅलरीत सासूबाईंनी तेलाच्या डब्यांतून पांढरी शेवंती लावली होती. भाचीच्या लग्नाला गावी जाताना त्या मला एवढंच म्हणाल्या, "बाकी काय नको करू, माझी शेवंती सांभाळ." मी रोज बेताने पाणी घालत होते, तरी जानेवारीत गारठा पडल्यावर एका सकाळी पाहते तर पाकळ्यांच्या कडा गुलाबी! दोन दिवसांत सगळी फुलं गुलाबी झाली. आपल्याच हातून काहीतरी बिघडलं, या धास्तीने मला जेवण जाईना. नवरा म्हणाला, "पांढरी आणून बांध ना! आईला काय कळणार आहे?" मग मी गुलाबी फुलं खुडली आणि त्या देठांना बाजारातली पांढरी फुलं हिरव्या दोऱ्याने बांधली. सासूबाई चार दिवस आधीच परतल्या, बॅग दारातच टाकून डब्यांपाशी गेल्या आणि चष्मा लावून वाकल्या. "गुलाबी फुलां खंय गेली गो? थंडीत ही गुलाबीच होतत. तां बघूक तर मी लवकर इलंय!" त्यांनी एक फूल ओढलं, ते दोऱ्यासकट हातात आलं. मी रडायच्या बेतात होते, पण त्या पोट धरून हसत सुटल्या आणि शेजारणींना बोलावून एकेक गाठ दाखवू लागल्या. यंदा थंडीत मी गावी जाणार आहे. सुनेला शेवंतीच्या पाण्याचं, खताचं सगळं सांगून झालंय, रंगाचं तेवढं सांगितलेलं नाही.