तंबू कोणी उचलायचा

चादरीबाईंचा स्वतःच्या सावलीवरही पुरता भरवसा नव्हता. बारा वाजता ती नेमकी कुठे जाते याचा हिशोब लागत नाही ना, असं त्यांचे यजमान चारचौघांत सांगायचे आणि स्वतःच हसायचे.

हे नाव त्यांना इस्पितळात पडलं. तिथल्या कापडकोठीत त्यांनी एकतीस वर्षं काढली. चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे हिरवे झगे, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. मोजल्याशिवाय काही आत नाही आणि वजन केल्याशिवाय काही बाहेर नाही. त्यांच्या कारकिर्दीत टॉवेलसुद्धा हरवला नाही. मैत्रिणी मात्र फारशा टिकल्या नाहीत.

यजमान गेले आणि वर्षभरात एकटेपण अंगावर यायला लागलं. मागच्या महिन्यात त्या न्हाणीघरात घसरून पडल्या आणि तासभर तशाच पडून राहिल्या. त्यानंतर आठच दिवसांत नणंदेचा फोन आला. नणंद शाळेत पीटी शिकवून निवृत्त झालेली, बिनलग्नाची, ताडताड चालणारी. माझ्याकडे दोन खोल्या आहेत, तू राहायलाच ये, असं तिचं म्हणणं. चादरीबाईंना दोन दिवस अन्न गोड लागलं नाही. तीस वर्षांत जी बाई मुक्कामाला चार दिवसांच्या वर थांबली नाही, तिला आता वहिनीचा एवढा पुळका का? तिला आयती स्वयंपाकीण हवी असेल. नाहीतर म्हातारपणी उशापायथ्याशी बसणारं माणूस.

विचार करून सांगते, असं त्या म्हणाल्या. त्यावर नणंदेने आणखीच विचित्र तोड काढली. समुद्राच्या कडेकडेने जंगलातून जाणारी एक लांबलचक पायवाट आहे. नऊ दिवस चालायचं आणि वाटेत तंबू ठोकून राहायचं. एका तंबूत नऊ दिवस टिकलो तर दोन खोल्यांत सहज टिकू. नवव्या दिवशी काय ते उत्तर दे.

चादरीबाई हो म्हणाल्या. माणूस जवळून पाहिल्याशिवाय त्याच्या घरात कसं जायचं?

पहिल्याच सकाळी संशयाला जागा मिळाली. दोघींच्या पाठपिशव्या चादरीबाईंनी आपल्या हातकाट्याला टांगून पाहिल्या. दोन्ही बरोबर नऊ किलो. तंबू वहिनीकडे, शिधा नणंदेकडे. वाटणी नणंदेने केली होती. आता शिधा रोज खाल्ला जाणार आणि तंबू काही कोणी खात नाही, हे चादरीबाईंच्या पहिल्याच चढावर ध्यानात आलं. पण त्या बोलल्या नाहीत. नोंद ठेवली.

झाडांवरच्या पिवळ्या खुणा बघत दोघी चालल्या. मुळांच्या पायऱ्या, घळीत उतरायला लाकडी शिड्या, खाली दगडगोट्यांचा किनारा. ओहोटी असेल तेवढ्यातच तो ओलांडायचा. नणंद पुढे, गळ्यात शाळेतली शिट्टी. चादरीबाई मागे, कारण पुढच्यावर नजर ठेवता येते. तंबूत नणंदेने न विचारता उजवी बाजू घेतली. चांगली काठीही तिनेच उचलली. नोंद.

दुसऱ्या सकाळी त्यांच्या पिशवीला काटा पावणेदहा किलो दाखवत होता. तिसऱ्या सकाळी सव्वादहा. चौथ्या सकाळी साडेदहा झाले, तेव्हा चादरीबाईंचं डोकं फिरलं. शिधा घटतोय तो घटतोय, वर ही बाई आपलं सामान माझ्या पिशवीत सरकवते! मी झोपले की घालत असणार. टॉर्च, नाहीतर ती जाडजूड चप्पल.

नणंद ओढ्यावर पाणी आणायला गेली, तशी त्यांनी पिशवी एका आडव्या पडलेल्या झाडावर रिकामी केली. कोठीत मांडायच्या तशा वस्तू ओळीने लावल्या. कपडे त्यांचेच. भांडं त्यांचंच. साबणसुद्धा त्यांचाच. उरला तंबू. तो काट्याला लावला, तर तीन किलोंचे साडेचार झालेले. त्यांनी गुंडाळी दाबून पाहिली, आणि बोटांमधून पाणी ओघळलं.

चादरीबाई खालीच बसल्या. धुलाईवाल्याने दमट चादरी वजनात खपवल्या, तर गाडी परत पाठवणारी बाई. तिच्या पाठीवर दोन दिवस ओलं कापड होतं, आणि ती चोर शोधत होती.

"पहिल्या मुक्कामापासून ओला आहे तो," मागून नणंद म्हणाली. हातात पाण्याच्या बाटल्या, कधीची उभी होती कोण जाणे. "इथे दव फार पडतं. न वाळवता गुंडाळला की जड होतो."

"माहीत होतं तुम्हाला, वन्सं?"

"होतं. माझी पिशवी हलकी होतेय तेही माहीत होतं. तू कधी बोलतेस ते बघत होते." नणंदेने बाटल्या खाली ठेवल्या. "दादा म्हणायचा, ही मोजते सगळं, सांगत काही नाही. आपल्यावर कसला आरोप आहे ते त्याला कधी कळलंच नाही बघ. मला तसं नाही जमणार, वहिनी."

चादरीबाईंना राग आला. यजमानांचा आला, नणंदेचा आला, त्या ओल्या बोचक्याचाही आला. आणि रागाच्या तळाशी थोडं हायसंही वाटलं, कारण संशय अगदीच खोटा नव्हता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आरोपीने आपण होऊन कबुली दिली होती.

मग त्या बोलल्या. काठीचं बोलल्या, उजव्या बाजूचं बोलल्या, शिट्टीचं तर दोनदा बोलल्या. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात नेलेली आणि परत न आलेली एक शालही निघाली. नणंदेने निम्मं मान्य केलं, निम्म्यावर भांडली. शाल तिला आईने दिली होती म्हणे. तोवर तंबू फांदीवर पसरून झाला होता आणि ऊन वर आलं होतं. त्या दिवशीची ओहोटी हुकली ती हुकलीच.

"आजपासून तंबू तुम्ही घ्यायचा," चादरीबाई म्हणाल्या.

"घेते."

"आणि तुमच्या घरी माझ्या कपाटाला कुलूप राहील."

"राहू दे."

हे फारच सहज झालं. एरवी असा प्रश्न त्यांनी सहा महिने पोटात बाळगला असता. "इतक्या पटकन हो का म्हणालात?" त्यांनी विचारलं.

"माझ्याही कपाटाला आहे म्हणून."

चादरीबाईंनी तिच्याकडे नीट पाहून घेतलं. मग तंबूची कोरडी झालेली बाजू उलटवली आणि म्हणाल्या, "येते मी राहायला." नणंदेच्या त्या कपाटात काय आहे हे विचारायचं त्यांनी पुढच्या मुक्कामापर्यंत लांबवलं.