लालीबाईच्या मताचं पाकीट

आमच्या तांड्यात कोणाच्या घरी काय शिजतं ते मला वासावरून कळतं. पण शेजारच्या लालीबाईनं मत कोणाला दिलं, ते वर्षभर कळलं नाही. माझी याहून मोठी नाचक्की झालेली नाही.

कापूस मातीमोल झालेल्या वर्षांतली ती ग्रामपंचायतीची निवडणूक. एका जागेसाठी देवीलाल आणि बाबूसिंग समोरासमोर. लालीबाई वेचणी सोडून दुपारी मत द्यायला गेली, तर मतदान केंद्रावरचे साहेब म्हणाले, "बाई, तुमचं मत होऊन गेलं." तिनं बोट पुढं केलं. शाईचा डाग नाही.

झालं असं होतं. मतदार ओळखायला देवीलालकडून हिरासिंग बसलेला. हा लालीबाईचा जेठ, म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्याकडे जेठासमोर भावजय घुंगट ओढते आणि जेठ मान खाली घालतो. सकाळी कोणी घुंगटवाली लालीबाईचं नाव सांगत आली. हिरासिंगनं जमिनीकडे पाहत होकार दिला. बाबूसिंगचा माणूस तेव्हा चहाला गेला होता.

दुसरी बाई घरी गेली असती. ही दारातच बसली. शेवटी साहेबांनी नियम काढला आणि तिला वेगळी मतपत्रिका दिली. अशी मतपत्रिका पाकिटात बंद होते, कोर्टानं सांगितलं तरच मोजतात.

देवीलाल एका मतानं निवडून आला. बाबूसिंग पुसदच्या कोर्टात गेला. देवीलालच्या माणसानं हिचं मत घालवलं, म्हणजे पाकीट आपलंच, असा त्याचा हिशेब.

मी विचारलं, "वहिनी, मले तरी सांगा. मी कोणाले सांगतो?"

"तुम्हाले सांगाच्यापेक्षा दवंडी देतो न भाऊ. तुमचा गळा तरी वाचन."

तिचा नवरा गोविंदा कुरकुरला, "मले बी सांगत नाही. भाजीत काय टाकलं ते बी सांगत नाही."

देवीलालची माणसं तिला खोटारडी म्हणत. ती तारखेला एसटीनं जाई. बाबूसिंगनं जीप धाडली, तर म्हणाली, "जीपीत बसली का मत बी जीपीवाल्याचं, असं म्हनतीन लोक."

कोर्टात देवीलालचा वकील म्हणाला, ही बाई दुसऱ्यांदा मत द्यायला आली होती. मग हिरासिंग साक्षीला उभा राहिला. बाबूसिंगच्या वकिलानं विचारलं, "सकाळी आलेल्या बाईचं तोंड पाहिलं होतं?"

हो म्हणावं, तर भावजयीचं तोंड पाहिलं म्हणून तांड्यात बसायची सोय नाही. नाही म्हणावं, तर देवीलाल बुडतो. हिरासिंगनं खांद्यावरच्या दुपट्ट्यानं घाम पुसला.

"साहेब, नाव भावजयीचं होतं. म्या कसं पाहीन?"

कोर्टानं लालीबाईचं पाकीट फोडायला सांगितलं. मतपत्रिकेच्या क्रमांकावरून सकाळचं खोटं मत शोधून बाद केलं, ते निघालं देवीलालचं. पाकिटातलं मोजलं, तेही देवीलालचं. निकाल जिथं होता तिथंच.

बाबूसिंग कोर्टाच्या पायरीवर बसला. "भोजाई, हे आधी सांगाचं न."

"तुम्ही कायले भांडून राह्यले होते, ते तुम्हाले माहीत," लालीबाई म्हणाली. "मी माह्या मतासाठी आलती."

संध्याकाळी देवीलाल पेढे घेऊन तिच्या दारात आला. जिला वर्षभर खोटारडी म्हटलं, तिच्याकडे बघायची त्याला लाज वाटत होती. मी कुंपणाला टेकूनच होतो. लालीबाईनं पेढ्यांचं ताट झाकलं आणि गोविंदाच्या हाती दिलं.

"हे जेठाच्या घरी नेऊन द्या," म्हणाली. "खरं बोलाले त्याहिले लई जड गेलं."