नोकरीचं घर

आमच्या ह्यांना कुणाला तरी शिकवल्याशिवाय चैन पडत नाही. शिक्षक माणूस. वर्षभर शाळेत पोरं असतात, उन्हाळ्याच्या सुट्टीत मी असते. त्यामुळे जालन्याच्या एका बियाणे कंपनीनं मला मे महिन्यात मुलाखतीला बोलावलं, तेव्हा माझ्याआधी ह्यांनाच आनंद झाला. सुट्टीचा प्रश्न सुटला होता.

मी बी.एस्सी. झालेली, वनस्पतिशास्त्र घेऊन. लग्नाला बारा वर्षं झाली आणि तेवढ्या काळात त्या शास्त्राचा उपयोग मेथी निवडण्यापुरता झाला. कंपनीच्या प्रयोगशाळेत बियाण्याची उगवण तपासायला एक बाई हवी आहे असं मैत्रिणीनं कळवलं, आणि मी कुणाला न विचारता अर्ज टाकून दिला. ती नोकरी मला हवी होती. अगदी हावऱ्यासारखी हवी होती. पण तसं मी कुणाजवळ बोलले नाही, कारण आमच्या घरात हवं म्हटलं की त्यावर चर्चा सुरू होते.

ह्यांनी मोबाइलवर व्हिडिओ बघून प्रश्न काढले. मी भाकरी थापत असायची आणि हे ओट्याला टेकून साहेब व्हायचे.

"तुमच्या आयुष्यात कामाचं स्थान काय?"

"काम हे माझ्यासाठी केवळ उपजीविकेचं साधन नसून आत्मविकासाचं माध्यम आहे," मी तव्यावरची भाकरी उलटत म्हणायची.

"जरा हसून म्हण."

"चटका बसल्यावर कसं हसू?"

"तिथं तवा नसणार."

ह्यांच्या स्वतःच्या आयुष्यात कामाचं स्थान दिवाळीची सुट्टी आणि उन्हाळ्याची सुट्टी यांच्या मधे कुठंतरी आहे. हे मी मनातच म्हटलं. मोठ्यानं म्हटलं असतं तर गुरुजी रुसले असते आणि पुढचे प्रश्न राहिले असते.

आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, दाराशी लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी मुलाला विचारलं, "काय घोकून राह्यली रे ही?"

"आई, तिथं इचारत्यात. आयुष्यात कामाला काय जागा हाय म्हणून."

"मंग आमाला कामून न्हाई इचारलं कुणी? काम करू करू कंबरडं मोडलं."

एवढं बोलून त्या परत लसणाकडे वळल्या. माझी खरी काळजी हीच होती. आत्याबाई बोलल्या तर त्यांना उत्तर देता येतं, गप्प बसल्या तर काय करायचं? माझ्या नोकरीला त्यांनी हो म्हटलं नव्हतं आणि नाहीही म्हटलं नव्हतं. मुलाखतीचं सांगितलं तेव्हा "कवा हाय?" एवढंच विचारलं होतं.

तसं पाहिलं तर माझी पहिली मुलाखत त्यांनीच घेतली होती. बारा वर्षांपूर्वी त्या मला बघायला आल्या तेव्हा पोहे झाले, नाव, गाव, शिक्षण झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "नोकरी करायची का पोरी?" मावशीनं आदल्याच दिवशी उत्तर पढवून ठेवलं होतं. मी मान खाली घालून म्हटलं, "घरचे म्हणतील तसं." उत्तर सगळ्यांना पसंत पडलं. पडद्याआड उभ्या असलेल्या माझ्या आईनं तर मोठा श्वास सोडलेला मला ऐकू आला. आता आईही राहिली नाही. पण ते उत्तर माझ्या तोंडात तसंच राहिलं.

मुलाखतीच्या दिवशी सकाळी मी पर्स घेऊन बाहेर आले, तर आत्याबाई ठेवणीतलं लुगडं नेसून, पिशवी काखेत मारून पायरीवर तयार.

"कुठं निघालात?"

"तुझ्यासंगं येऊन राह्यले."

"आत्याबाई, तिथं फक्त मला बोलावलंय."

"मंग मी काय त्येंच्या खुर्चीवर बसून राह्यले का? चल जल्दी, गाडी जाईल."

मी मदतीसाठी ह्यांच्याकडे पाहिलं. हे पेपर वाचत होते. पेपर कालचा होता.

आमच्या अंबडपासून जालन्यापर्यंत एसटीत त्या खिडकीपाशी बसून होत्या. बाहेर नांगरून ठेवलेली रानं उन्हात पडलेली, आणि आत मी घामानं भिजलेली. मला सारखं वाटत होतं, ही बाई गेटावरच काहीतरी बोलून माझं होतं काम बिघडवणार. मला त्यांचा राग येत होता आणि लाजही वाटत होती. नवऱ्याला घेऊन आलेली एक वेळ चालते, पण सासूला घेऊन मुलाखतीला आलेली बाई कुणी पाहिली आहे का?

कंपनीच्या वऱ्हांड्यात आमच्यासाठी खुर्च्या मांडल्या होत्या. बाकीच्या पोरी विशी-बाविशीच्या, फायली छातीशी धरून बसलेल्या. मी बसले. आत्याबाई बसल्या नाहीत. त्यांनी आधी वॉचमनला गाठलं. बाया किती हायेत, पगार बराबर टायमावर व्हतो का, सांजच्याला किती वाजता सोडत्यात. तो बिचारा उठून उभा राहून उत्तरं देत होता. मग डबा धुवायला आलेल्या एका बाईचा नंबर लागला. त्या दोघी बराच वेळ बोलल्या, मधे हसल्याही. मग आत्याबाई बायकांच्या संडासात गेल्या आणि कडी लावल्याचा, काढल्याचा, पुन्हा लावल्याचा आवाज आम्ही सगळ्यांनी ऐकला.

शेजारच्या पोरीनं मला हळूच विचारलं, "ताई, त्या मॅडम तपासणीला आल्यात का?"

"काय माहीत बाई," मी म्हटलं.

तेवढ्यात माझं नाव पुकारलं. आत एक साहेब होते आणि एक मॅडम. बियाण्याचे प्रश्न बरे गेले. ओल्या कागदात बी कसं मांडतात, चांगला कोंब कुठला आणि अधू कुठला, हे सगळं कॉलेजात हातानं केलेलं होतं, ते आठवत गेलं. मग साहेबांनी चष्मा पुसत, थेट आमच्या ह्यांच्या सुरात विचारलं, "तुमच्या आयुष्यात कामाचं स्थान काय?"

मी जरा हसले. "काम हे माझ्यासाठी केवळ उपजीविकेचं साधन नसून..."

साहेबांच्या पाठीमागे खिडकी होती आणि खिडकीतून आवारातला नळ दिसत होता. आत्याबाई नळाखाली ओंजळ धरून उभ्या होत्या. पाणी प्यायल्या, नळ बंद केला, थोडं थांबल्या, पुन्हा सोडला. अजून येतंय का ते वाकून पाहिलं. आत्मविकासाचं काय ते मी साफ विसरले.

"बोला ना," साहेब म्हणाले.

"सर, हे उत्तर आमच्या ह्यांचं आहे. माझं सांगू का?"

त्यांनी मान हलवली.

"घरी मी दिवसभर काम करते. सकाळच्या भाकरी दुपारी संपतात. घासलेली भांडी रात्री परत मोरीत येतात. इतकी वर्षं काम केलं, पण हे बघा मी केलं, असं दाखवायला माझ्याकडं एक वस्तू नाही. इथं बी उगवायला ठेवलं की आठवड्यानं कळतं, उगवलं की नाही. ते लिहून ठेवलं की तिथंच राहतं, कुणी खाऊन टाकत नाही. मला असं एक काम पाहिजे."

मॅडम हसल्या. पण लगेच त्यांनी पेन खाली ठेवला. "घरून चालणार आहे ना? लग्न झालेल्या बायका चार-सहा महिन्यांत सोडून जातात, म्हणून विचारते."

घरचे म्हणतील तसं. जिभेवर आलंच होतं. मी ते चहाच्या गरम घोटासारखं कसंबसं गिळलं.

"घरचं माणूस बाहेर आहे," मी खिडकीकडं हात केला. "त्यांच्या मनात काय आहे, मला अजून कळलेलं नाही. माझं मात्र ठरलंय."

दोघांनी वळून पाहिलं. आत्याबाई ओल्या हातानं तोंड पुसत होत्या.

"कळवतो," साहेब म्हणाले.

स्टँडवर चहा मागवला आणि मग माझा राग बाहेर पडला. "आत्याबाई, हे काय चाललं होतं तुमचं? लोक बघत होते."

"घर बघत होते," त्या बशीत चहा ओतत म्हणाल्या.

"कुणाचं घर?"

"माझं लगीन ठरलं, तवा माझा बाप आमच्या गावाहून, धावड्याहून, घर बघायला आल्ता. ऐन पावसाळ्यात. ह्यांची इहीर काठोकाठ भरलेली. म्हन्ला, पाण्याला कमी न्हाई, पोरगी सुखात ऱ्हाईल. शिमग्याला मी वाकून बघते तं तळाला दगडं. उभी जिंदगी डोक्यावर पाणी आणलं." त्यांनी बशी तोंडाला लावली, खाली ठेवली. "पोरगी द्यायची तं घर उन्हाळ्यात बघावं. तुझी माय असती तं ती आली असती. ती न्हाई. मंग कोण येईल?"

बारा वर्षांपूर्वी मुलाकडून आलेली ही बाई आज मुलीकडून आली होती, आणि मी शेजारच्या पोरीला म्हटलं होतं, काय माहीत बाई. मला रडू आलं. चहावाल्यादेखत मी पदर तोंडाला लावून रडले.

"आता रडून कामून राह्यली?" आत्याबाई वैतागल्या. "पाणी हाय. संडासाला आतून कडी हाय. बाया हसून बोलत्यात. गेटावरचा माणूस बाईमाणसाला आवो-जावो करतो. घर चांगलं हाय."

"आणि त्यांनीच मला पसंत नाही केलं तर?"

"त्येंचं नशीब. दुसरं घर बघू."

चार दिवसांनी मॅडमचा फोन आला. सोमवारपासून या म्हणाल्या. हे शेजारी उभे राहून, कोणतं उत्तर लागू पडलं गं, म्हणून खुणांनी विचारत होते. मी ह्यांच्याकडं पाठ केली. मग मॅडमनी हसत विचारलं, "आणि त्या नळावरच्या आजी काय म्हणतात?"

मी फोन आत्याबाईंच्या हातात दिला. त्यांनी डोक्यावरचा पदर सारखा केला आणि नवऱ्या मुलाच्या बापाशी बोलावं तशा बोलल्या, "हां बाई. पोरगी देऊन राह्यलो आमी. बिलकुल हरकत न्हाई." मग माझ्याकडं एकदा पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पर एक हाय. लग्नात देत्यात तशी न्हाई. सांजच्याला आमची आमाला परत धाडायची."