राणी माहेरी आली होती

बोलण्यात मला कुणी हरवलेलं नाही. जन्मभर शाळेत इतिहास शिकवला. अजूनही मासळी बाजारात जुनी विद्यार्थिनी भेटली की माझा तास सुरू होतो. पण हे एक मात्र कुणापाशीच निघालं नाही. तुमच्यापाशी निघतंय, तर ऐका.

मुक्ता माझी भाची, भावाची मुलगी. आई-बाप लवकर गेले तिचे, मीच वाढवली. फार गुणाची पोर, आणि हट्टी. झोपताना तिला परी चालायची नाही, राणी हवी. तीसुद्धा एकच — इटलीतल्या बारी शहरातली, आमच्यासारखीच समुद्राकाठची. थेट पोलंडच्या बिजवर राजाला दिलेली. बर्फात गेली, पण सोबत स्वयंपाकी नेले, माळी नेले, माहेरच्या भाज्या तिथे रुजवल्या. सूपच्या भाज्यांच्या जुडीला तिथे अजून ‘इटलीची’ म्हणतात. इथे पोर खूश होऊन झोपायची.

पुढे पुण्यात नोकरी करताना तिला पोलंडचाच मुलगा भेटला. तिने हो म्हटलं, त्यात माझ्या राणीचा हात नव्हता असं कसं म्हणू?

आमच्याकडे नवी नवरी पहिल्यांदा सासरी निघाली की पाठराखीण सोबत जाते. मुक्ता म्हणाली, विमान असलं म्हणून काय झालं, आत्याच येणार. गेले. साडीखाली लोकरीचे पायमोजे घालून विहीणबाईंना कोकमाचं सार करून वाढलं. त्यांनी खुणेनेच विचारलं, हे औषध आहे का? मुक्ता हसून हसून लाल झाली होती. निघताना तिच्या पाठीवर हात ठेवून म्हटलं, मी आहे.

आहे म्हणजे काय — हे तेव्हा मला तरी कुठे ठाऊक होतं?

दुसऱ्या हिवाळ्यात तिचा फोन आला. नवरा वाईट नव्हता, सासूही नव्हती. पण दुपारच्या चहालाच काळोख, आणि मनातलं बोलावं असं कुणी नाही. रडत नव्हती ती. रडली असती तर बरं झालं असतं.

“नाही गो जमत, आत्या. घरी येऊ?”

मग तिनेच विचारलं, “आपल्या राणीने काय केलं शेवटी?”

मी गोष्ट नेहमी भाज्यांपर्यंतच सांगायचे. पुढचं लहान मुलीला सांगण्यासारखं नव्हतं. राजा गेला, मुलाशी बिनसलं, आणि राणी म्हातारपणी माहेरी परत आली. तिथे तिच्याच विश्वासातल्या माणसाने तिला विष घातलं.

“राणी कुठली परत येतेय?” मी म्हटलं. “ती तिथलीच झाली.”

का म्हटलं असं? तिचा संसार टिकावा म्हणून? — स्वतःला मी बरीच वर्षं हेच सांगत आले. खरं सांगू? घर तिच्या वडिलांचं, म्हणजे तिचं. तिच्या खोलीत मी माझी पुस्तकं लावली होती, मागच्या हापूसच्या कलमाखाली माझी खुर्ची होती. आधी बापाच्या, मग भावाच्या घरात राहिलेल्या बाईला पहिल्यांदाच एक घर आपलं वाटत होतं. ती आली की मी पुन्हा आश्रित. मला भीती वाटली — माझ्या लाडक्या पोरीची. पाठराखीण म्हणून गेले आणि पाठ फिरवली.

ती राहिली. रमलीही म्हणतात. रमली म्हणून माझं बोलणं खरं होत नाही.

त्या देशात शाळकरी पोरालाही राणीचा शेवट माहीत असतो. मुक्ताला कळला नसेल का? कळलाच असणार. एका शब्दाने बोलली नाही कधी. दर रविवारी फोन करते, गुडघे कसे आहेत विचारते.

यंदा मे महिन्यात ती लेकीला घेऊन येणार आहे. परवा फोनवर जरा घुटमळली, मग म्हणाली, “आत्या, आठवडाभर राहिलो तर तुला अडचण नाही ना होणार?”

स्वतःच्या घरात यायला ती मला विचारते. ही सवय तिला मी लावली.